उणे एन

"शेलकाका, माझ्या दीडशे पेशंटांच्या नावापुढे हे उणे एन कुणी लावलं?" पथ्याच्या जेवणाची यादी नाचवत मोठ्या सिस्टर संगणकाच्या खोलीत शिरल्या. "सात नंबरचे आजोबा जेवायलाच तयार नाहीत. म्हणतात, मला उणे करणारे तुम्ही कोण!"

शेलकाकांचा चेहरा पडला. इस्पितळाच्या याद्या छापणारी शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या हुकमांची जंत्री, त्यांनी बावीस वर्षांपूर्वी लिहिली होती, त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं. 'आपली स्क्रिप्ट कुठल्याही मशीनवर पळेल,' असं ते येताजाता सांगायचे. आज सकाळी नवं मशीन बसलं आणि पहिल्याच यादीत नाक कापलं गेलं. त्यात आज नोकरीचा शेवटचा दिवस. साहेबांनी बजावलं होतं, बारापर्यंत यादी नीट आली नाही तर स्क्रिप्ट काढून टाकू आणि तयार प्रोग्रॅम आणू.

चूक सापडली. छापल्यावर ओळ मोडू नको, हे सांगायला त्यांनी 'उणे एन' लिहिलं होतं. जुन्या मशीनला ते कळायचं, नवं मात्र तो हुकूमच छापून मोकळं होत होतं. काकांनी सगळीकडे चालणारी आज्ञा घातली, तर पुढे कालची तारीख विचारल्यावर मशीननं कानांवर हात ठेवले. अशा एकाच मशीनच्या लाडक्या सवयी त्यांनी पानोपानी पेरून ठेवल्या होत्या.

तेवढ्यात बायकोचा फोन. "अहो, बॅगेत उशी, कप, पाय ठेवायचं स्टूलसुद्धा? लेकीकडे राहायला जातोय की घर उचलून नेतोय?"

"मला दुसऱ्या उशीवर झोप लागत नाही."

"वा! म्हणजे स्क्रिप्ट तेवढी कुठेही पळणार!"

काकांनी फोन ठेवला आणि एकेक सवय खुडायला घेतली.

बाराला पाच कमी असताना यादी नव्या मशीनवर निघाली, जुन्यावर निघाली, साहेबांच्या लॅपटॉपवरही निघाली. तिन्ही सारख्या. साहेब म्हणाले, "राहू दे हीच." काकांनी उगाच चष्मा पुसला.

"आजोबा जेवले हो," सिस्टर दारातून ओरडल्या.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी बॅगेतून स्टूल काढलं. मग उशी काढून पलंगावर ठेवली.

बायको बघतच राहिली. "आणि कप?"

"तो... तो येऊ दे गं," काका म्हणाले, आणि सकाळच्या बिघडलेल्या यादीत त्यांनी कप नीट गुंडाळला.