फळ्यावरचा वासाचा रकाना

पंधरा डिसेंबरच्या वायुगळती सरावात शाळेची त्र्याऐंशीच्या त्र्याऐंशी मुलं वाचली आणि सराव तपासायला आलेले देवरे साहेब वारले. आता हे काहीच घडलेलं नाही असं समजून आपण पुढे जाऊ. कार्यालयानेही तसंच समजायचं ठरवलं आहे, आणि आपण काही कार्यालयापेक्षा मोठे लागून गेलो नाही.

तर, बोईसरच्या पश्चिमेला, कारखाने संपलेले असतात आणि समुद्र अजून सुरू झालेला नसतो अशा मधल्या जागेत एक शाळा आहे. पाचवी ते आठवी. शिक्षक चार, त्यातले दोन कायम प्रशिक्षणाला. उरतात मुख्याध्यापक प्रदीप चुरी सर आणि समिधा सावे. समिधा माकुणसारची, वाडीवाल्यांच्या घरची. शिक्षणसेवक म्हणून तिची तीन वर्षं या डिसेंबरअखेर भरत होती. मग कायम नेमणुकीची ऑर्डर. अट एकच, फाइलमध्ये वाईट शेरा नको. चुरी सर हे तिला रोज सांगत आणि सांगताना तिची फाइल हळूहळू थोपटत, जणू ती आत्ताच झोपली आहे.

असा एक शेरा फेब्रुवारीत अगदी दारापर्यंत येऊन गेला होता.

या भागातल्या शाळांना आगीचा सराव असतो, भूकंपाचा असतो, आणि कारखान्यातून वायू सुटला तर काय करायचं याचाही असतो. त्यासाठी जिल्हा कार्यालयाच्या आपत्ती कक्षाकडून एक मंजूर नकाशा मिळतो. नकाशात पूर्वेला कारखाने, मध्ये शाळा, पश्चिमेला समुद्राकाठचं मैदान आणि शाळेपासून मैदानापर्यंत एक जाडजूड लाल बाण. भोंगा वाजला की बाणाच्या दिशेने चालायचं. फेब्रुवारीतल्या सरावाला सकाळी साडेनऊ वाजता मुलं रांगेत, तोंडाला रुमाल लावून, बाणासारखी सरळ मैदानावर गेली. खिचडी करणाऱ्या सोजराबाई पातेल्यासकट गेल्या. पातेलं कशाला, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "जीव वाचला तर भूक नाय लागायची का पोरांना?"

एकटी तानी गेली नाही. ती रांगेतून सुटून उत्तरेला सुरूच्या झाडांखाली जाऊन बसली. अहवालात आलं: सुरक्षित ८२, बेशिस्त १.

तानी तेव्हा सहावीत होती. घर डोंगरात, विक्रमगडच्या पुढे. पावसाळ्यात शेती आणि दिवाळीनंतर आईबाप इकडे बांधकामावर, म्हणून ती इकडे. बोलायची कमी. समिधाने तिला शिक्षा म्हणून 'मी बाणाच्या दिशेने जाईन' पन्नास वेळा लिहायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी वही आली. अक्षर सुरेख. एकोणपन्नास वेळा 'मी बाणाच्या दिशेने जाईन' आणि पन्नासाव्या ओळीत 'वारा पण तिकडंच चाललेला असेल तर नाय'.

"हे काय आहे, तानी?"

"पन्नास झालं, बाई."

"शेवटचं काय लिहिलंयस?"

तानीने बाई खरंच विचारतायत की रागावतायत याचा अंदाज घेतला. "सकाळी कारखान्याचा वास येत होता ना. म्हंजी वारा तिकडून इकडं. वायू सुटला त तो बी मैदानातच जाणार. आपण त्याच्याच पुढं पुढं चाललो होतो, रुमाल लावून."

"तुला हे कोणी शिकवलं?"

"राब भाजतो ना आमी. पालापाचोळा जाळतो भाताच्या आधी. धुराच्या पुढं कोन उभं राहतं, बाई? बाजूला सरायचं. माझा तीन वर्षांचा भाऊ बी सरतो."

समिधा वही घेऊन बसून राहिली. त्याच आठवड्यात तिने सहावी-सातवीच्या जोडवर्गाला रंगीत खडूने फळ्यावर वारे शिकवले होते. दिवसा समुद्राकडून येतात ते खारे, रात्री आणि सकाळी जमिनीकडून जातात ते मतलई. चाचणीत मेहुल नावाच्या पोराने 'मतलई वारा म्हणजे काय' या प्रश्नाला 'ज्याच्यावर आजोबा शिडाची होडी बाहेर काढायचे तो' असं उत्तर लिहिलं होतं आणि व्याख्या पुस्तकातली नाही म्हणून तिने त्याचा अर्धा गुण कापला होता. घरच्या वाडीत औषध फवारण्याआधी बाबा चिमूटभर माती उडवून वारा बघतात, हेही तिने जन्मापासून पाहिलं होतं. एवढं सगळं ठाऊक असून त्या दिवशी ब्याऐंशी मुलांना मतलई वाऱ्यासोबत, पायात पाय न अडकवता, तिनेच नेलं होतं. एका मुलीने भूगोल समजून घेतला होता आणि तिला पन्नास ओळी मिळाल्या होत्या.

तिने मेहुलचा अर्धा गुण परत दिला आणि फळ्याच्या कोपऱ्यात, दिनांक, पट आणि उपस्थितीच्या खाली आणखी एक रकाना आखला. वास.

तानीला वासप्रमुख नेमलं. रोज परिपाठ झाला की ती ओट्यावर उभी राहून नाक वर करायची आणि फळ्यावर लिहायची. 'वास: बोंबील' म्हणजे वारा समुद्रावरून, कोळीवाड्यात दोऱ्यांवर वाळत घातलेल्या बोंबलांना लागून आलेला. 'वास: कारखाना' म्हणजे वारा पूर्वेचा. एकदा आठवडाभर 'वास: फोडणी' येत राहिला, तेव्हा सोजराबाईंना चूल पाच मिनिटं उशिरा पेटवायची विनंती करावी लागली. त्या म्हणाल्या, "माझ्या फोडणीनं वारा आडला, असा तर माझ्या सासूनं बी कधी आरोप नाय केला." पण पाच मिनिटं थांबू लागल्या.

चुरी सरांनी रकाना पाहिला तेव्हा चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"समिधा, वास हा रकाना शासनमान्य नाही."

"सुविचारही रोज तोच असतो, सर."

"तो मान्य आहे, तोच असला तरी." मग त्यांनीही ओट्यावर येऊन जरा हुंगलं. "बोंबीलच आहे," असं म्हणून ते आत गेले.

डिसेंबरात पुन्हा सरावाचं पत्र आलं. यंदा कक्षाकडून धुराची कांडी पेटवली जाणार होती, निरुपद्रवी, नारिंगी रंगाची, म्हणजे सगळं खऱ्यासारखं वाटेल. शिवाय विद्यार्थ्यांची एक पट्टी समिती नेमायची होती. सुरक्षितांना हिरवी पट्टी, धुरात सापडलेल्यांना लाल, पाच मिनिटांपेक्षा जास्त धुरात असलेल्यांना काळी. काळी म्हणजे मयत. समितीचा प्रमुख म्हणून मेहुल स्वतःच स्वतःला सुचवून स्वतःच निवडून आला.

चुरी सरांनी समिधाला बोलावून दार लोटलं. "हे बघ, अहवालाची प्रत तुझ्या फाइलला लागणार. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. बाण जिकडे, तिकडे जा. तुझी ऑर्डर हातात पडली की मग पोरांना घेऊन बडोद्याला जा हवं तर."

"वारा पूर्वेचा असला तर, सर?"

"सराव आहे तो. खोटा वायू आहे."

"मुलं खरी आहेत ना पण."

सरांनी फाइल थोपटली.

पंधरा तारखेला सकाळी फळा असा होता: पट ८३, उपस्थिती ८३, वास: कारखाना. एवढी उपस्थिती शाळेने पंधरा ऑगस्टच्या खाऊलाही पाहिली नव्हती. देवरे साहेब नाशिककडचे, उंच, इस्त्रीचे, नियमाला पक्के. ते साडेनऊला आले, त्यांनी नकाशा तपासला, बाण तपासला आणि हातात चालू-बंदचं घड्याळ घेऊन मैदानाच्या बरोबर मधोमध जाऊन उभे राहिले. मुलं किती मिनिटांत पोचतात ते त्यांना मोजायचं होतं. त्यांच्या मदतनिसाने पूर्वेच्या कुंपणाशी कांडी पेटवली. भोंगा झाला.

मुलं ओट्यासमोर रांगेत उभी राहिली. समिधाच्या एका हातात नकाशा होता. समोर तानी. तिने नाक वर केलं, खाली केलं आणि बाईंच्या हातातल्या नकाशाकडे पाहिलं. फेब्रुवारीच्या पन्नास ओळी तिच्या चेहऱ्यावर सरळ वाचता येत होत्या. पाठीमागे चुरी सर ऑफिसच्या दारात उभे होते, हात फाइलवर.

समिधाने नकाशाची चार वेळा घडी घातली. तो पर्समध्ये जाईना, म्हणून तिने तो सोजराबाईंच्या पातेल्याखाली चुंबळीसारखा दिला.

"तानी, कुठे जायचं?"

तानीने हनुवटीने उत्तरेकडे दाखवलं.

"मोठ्याने सांग. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"सुरूच्या झाडांत," तानी म्हणाली. आणि मग, तीन वर्षांत पहिल्यांदाच, अख्ख्या शाळेवर ओरडली, "पळायचं नाय. पाचवी पुढं. मेहुल, बडबड बंद."

त्र्याऐंशी मुलं बाणाला काटकोनात चालू लागली. मागून पातेलं. चुरी सर थोडा वेळ दोन्ही रस्त्यांच्या फाट्यावर, एक पाय पश्चिमेला आणि एक उत्तरेला टाकून, शासनाशी आणि शाळेशी सारखेच प्रामाणिक राहिले. मग नारिंगी धूर शाळेच्या छपरावरून पुढे सरकला आणि सर रांगेच्या शेवटी, उशिरा आलेल्या पोरासारखे, येऊन लागले.

सुरूच्या झाडांतून सगळं स्वच्छ दिसत होतं. धूर शाळेवरून गेला, रस्ता ओलांडला आणि मंजूर बाणाच्या रेषेवरून, बोटभरही न ढळता, मैदानावर पोचला. मैदानात एकटे देवरे साहेब होते. ते मुलांची वाट बघत होते आणि त्यांची जागा नकाशात ठरलेली असल्यामुळे ती सोडून त्यांना जाता येत नव्हतं. आधी त्यांचे बूट नारिंगी झाले, मग ते.

"त्या साहेबांना कोणी राब भाजायला नेलं नाय वाटतं," तानी म्हणाली.

धूर विरल्यावर मेहुल पट्ट्यांची पिशवी घेऊन मैदानावर गेला. समिधा त्याच्या मागे धावली, पण त्याचं काम सुरू झालं होतं.

"साहेब, हात द्या."

"कशाला?" साहेब खोकत म्हणाले.

"तुमी धुरात होते."

"मी निरीक्षक आहे, बाळा."

"निरीक्षकाला वेगळी पट्टी नाय दिलेली, साहेब. तीनच रंग हायेत. घड्याळ किती झालं बघा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. सवयीने खरं सांगितलं. "सात मिनिटं वीस सेकंद."

मेहुलने पिशवीतून काळी पट्टी काढली. "पाचाच्या वर हाय. नाव पूर्ण सांगा. वय?"

"मेहुल," समिधा म्हणाली.

"थांबा, मॅडम," देवरे साहेब म्हणाले. त्यांनी शाळेकडे पाहिलं, मग आपल्या बाहीकडे, मग लांब झाडांखाली बसलेल्या मुलांकडे. तिथे सोजराबाई खिचडी वाढायला लागल्या होत्या. एकही मूल खोकत नव्हतं. साहेबांनी हात पुढे केला. "वय त्रेपन्न. पट्टी जरा सैल बांध."

फॉर्मच्या तळाशी 'मृत्यूची खातरजमा करणाऱ्या निरीक्षकाची सही' अशी जागा होती. तिथेही त्यांनीच सही केली. मग त्यांनी फळा पाहायला मागितला आणि वासाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे कोणी सुरू केलं?"

समिधा म्हणणार होती 'मी'. तिने तानीला पुढे केलं. तानीने रोजचा वास उतरवलेली दिवाळीनंतरची वही काढून दाखवली. सव्वीस दिवसांचे वास, तारखेसह, एक फोडणीचा, खोडलेला. साहेबांनी वहीवर दिनांकासह सही केली. मयत माणसाने केलेली ती जिल्ह्यातली बहुधा एकमेव शैक्षणिक नोंद असेल.

अहवाल प्रामाणिक गेला. बाणाचे पालन: नाही. विद्यार्थी सुरक्षित: ८३. जीवितहानी: १, निरीक्षक. आठवड्याभरात तो परत आला. कक्षाच्या म्हणण्यानुसार निरीक्षकाच्या जीवितहानीची तरतूद नमुन्यात नसल्याने सदर सराव झालाच नाही असे समजण्यात यावे, जानेवारीत त्याच नकाशानुसार पुन्हा घ्यावा, आणि बाण का पाळला नाही याचा संबंधित शिक्षिकेने लेखी खुलासा करावा. तोपर्यंत कायम नेमणुकीचे प्रकरण प्रलंबित.

"दोन ओळी लिही," चुरी सर म्हणाले. "'नजरचुकीने झाले, पुढील वेळी बाणाप्रमाणे जाऊ.' सही कर. सोमवारी ऑर्डर येईल."

समिधाने कागद घेतला. बाहेर ओट्यावर तानी पाचवीच्या नव्या पोरीला नाक किती वर करायचं ते शिकवत होती. "एवढं नाय गं, डोळं मिटायचं नाय, झोपायला नाय आलोत." समिधा लिहीत राहिली. दोन ओळींपेक्षा जास्त झालं. चुरी सरांनी वाचलं, पुन्हा चष्मा पुसून वाचलं. मग फाइल थोपटायची सोडून त्यांनी ती उघडली, कागद आत लावला, शाळेचा गोल शिक्का मारला आणि स्वतःच्या हाताने खाली लिहिलं, 'शिफारशीसह सादर'.

कागद असा होता:

"विषय: बाणाबाबत खुलासा. संदर्भ: दि. १५ डिसेंबर रोजी न झालेला सराव. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून खुलासा करण्यात येतो की, त्या दिवशी बाणाच्या दिशेने वारा अगोदरच निघालेला होता व त्याच्यासोबत जाणे आमच्या ८३ विद्यार्थ्यांना योग्य वाटले नाही. त्यांचे बरोबर होते. यात नजरचूक झालेली नाही. तरी जानेवारीतील सरावापूर्वी मंजूर नकाशाची एक प्रत वाऱ्यास देण्यात यावी, त्याची पोच घेऊन ती या शाळेच्या दप्तरी पाठवावी, आणि शालेय वेळेत त्याने पूर्वेकडून वाहू नये असे लेखी आदेश आपल्या स्तरावरून निर्गमित व्हावेत, ही नम्र विनंती."