आफ्रीन नाल्यापलीकडे

आफ्रीन धानोऱ्याजवळच्या जंगलातल्या दवाखान्यात नर्स होती. काल ती एका बाईच्या बाळंतपणासाठी नाल्यापलीकडच्या गावाला गेली, मागून पूर आला आणि तिचा फोन लागेनासा झाला.

आज दुपारी तिची आई हाजरा नमाजला उभी राहिली, पण मध्येच थांबली. नमाजच्या किती फेऱ्या, किती रकाती झाल्या, तेच तिला आठवेना. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा चुकली.

"अल्ला मले माफ करन का?" तिनं नवऱ्याला विचारलं. "तोंडात दुआ अन् कान दाराकडं."

लियाकत दुकान अर्ध्यात बंद करून आला होता. "मले तरी कुठी सुचून राह्यलं? चल, माझ्या मांग उभी राह्य. मी पढवतो."

संध्याकाळी पाणी उतरल्यावर त्या गावच्या पत्रूनं आफ्रीनला मोटारसायकलवर घरी आणून सोडलं. तिचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखले होते.

"अम्मी, त्या बाईले पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत."

हाजरा तिच्यावर खूप ओरडली. मग कणीक मळता मळता रडली.

"उद्या सुटी घेशील?"

"नाई अम्मी. बाळाले पाह्याले जाच लागन."

हाजरानं परातीत आणखी पीठ घेतलं. "मंग त्या बाईसाठी बी डबा घेऊन जाजो."