पुडी बंद

आणे पठारावर डॉक्टर कुंडलिक यांच्या दवाखान्यात औषधाला नाव नव्हतं. औषध म्हणजे पुडी. जुन्या कॅलेंडरच्या कागदाची चौकोनी पुडी, आत कुटलेली पांढरट पूड. सकाळी एक, संध्याकाळी एक आणि वर एक सुई. ताप असो, कंबर धरलेली असो, नाहीतर सुनेशी भांडून छाती भरून आलेली असो. लोक म्हणायचे, आमच्या डॉक्टरच्या हाताला लई गुण हाय. गुण हाताला नव्हता, पुडीला होता. तो कसला होता हे कळायला एक म्हातारी मरावी लागली.

त्यांची मुलगी हर्षाली पुण्यात फॅमिली मेडिसिन शिकून परत आली. तिला एक खोड होती. पेशंटनं काहीही विचारलं की ती मनात त्याचा नीट प्रश्न बांधायची, मग त्यावर कुणी अभ्यास केलाय, किती माणसांवर केलाय, त्याला पैसा कुणी पुरवला, हे मोबाइलवर शोधून काढायची. सर्दीला अँटिबायोटिक द्यावं का? नाही. पोर तोंडानं पाणी पितंय, सलाइन लावावं का? नाही. अशक्तपणाची सुई? नाही. पठारावरचा माणूस एक दिवसाचा रोज बुडवून दवाखान्यात येतो, तो काय 'नाही' ऐकायला? तरी ती रेटून सांगायची. गर्दी हळूहळू बापाच्या टेबलाकडं सरकायची.

मग कुंडलिक मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पुण्याला भावाकडं गेले, आणि दवाखाना तिच्या एकटीच्या हातात आला.

पहिल्याच बाजाराच्या दिवशी सारजाबाई आली. सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी वाकलेली. हर्षाली तान्ही असताना तिला तेल लावून न्हाऊ घालायला हीच यायची. अलीकडं गावातल्या बाया तिला चिडवायच्या, म्हातारपणी तोंड कसं भरलंय बघा, नवरीवानी.

"दे पोरी पुड्या. आन् एक सुई हान. घरी जाऊन भाकरी थापायच्यात."

"आजी, किती वर्षं घेताय या पुड्या?"

"तुझं लगीन ठरंना तवापासनं."

बाकावरच्या बाया हसल्या. हर्षालीही हसली. मग तिनं आपला प्रश्न बांधला, म्हाताऱ्या बाईच्या गुडघेदुखीवर रोज वेदनाशामक द्यावं की व्यायाम? उत्तर ठणठणीत होतं. एक सोडून कितीतरी अभ्यास. व्यायाम द्या, रोजचं वेदनाशामक बंद करा, त्यानं जठर आणि मूत्रपिंड खराब होतात. तरी खात्री म्हणून तिनं आत जाऊन बापाला फोन लावला.

"अप्पा, पुडीत नक्की काय घालता?"

"पेनकिलर. आन् पित्ताची. दुसरं काय आसनार?"

"बरणीवर नाव नाहीये कशाचं."

"मला ठाव हाय ना? बास की मग."

हर्षालीला ते बास वाटलं. औषध कंपनीच्या माणसाचं बोलणं ही मुलगी कधी धरून चालली नाही. मोठ्या प्रोफेसरांना भर वर्गात 'सर, याला आधार काय' म्हणून विचारणारी ही. साऱ्या जगाकडं पुरावा मागितला, बापाकडं मागितला नाही.

"आजी, पुडी आजपासून बंद. खुर्चीत बसून पाय असा सरळ करायचा, धरायचा, सोडायचा."

सारजाबाईनं तिच्याकडं पाहिलं. "सुई न्हाई, पुडी न्हाई. मग तू डॉक्टर कशाची गं?" मग तिनं हर्षालीच्या गालाला हात लावला. "बरं बाई. बंद तर बंद. या हातानं न्हाऊ घातलंय तुला. तू काय मारतीस व्हय मला?"

आणि ती मन लावून पाय सरळ करू लागली. ओट्यावर खुर्ची टाकून. समोरच्या दारातून तिची जाऊ साळुबाई ओरडायची, "अगं, बारावीची परीक्षा कधी हाय तुझी?" सारजाबाई म्हणायची, "तू बस कुथत. मी पास व्हते का न्हाई बघ."

पुढच्या बाजाराला ती भिंत धरत आली. "पोरी, गुडघ्याचं र्‍हाऊ दे, समदं आंगच गळाठलंय. घास जात न्हाई खाली."

हर्षालीनं बीपी पाहिलं. जरा कमी होतं. पुन्हा मोबाइल काढला. कैक वर्षांची वेदनाशामकं सोडली की काही दिवस दुखणं वाढतं, तेव्हा डॉक्टरनं डगमगू नये, असं तिथं लिहिलेलं होतं. ज्यांनी लिहिलं त्यांनी खरंच लिहिलं होतं. पण ते वेदनाशामकाबद्दल लिहिलं होतं.

"थोडा धीर धरा आजी."

"धरते की," म्हातारी म्हणाली.

धीर धरता धरता तिला उलट्या लागल्या. मुलगा गोरख टोमॅटोचे रिकामे क्रेट फेकून देऊन पिकअपच्या हौद्यात तिला गोधडीवर घालून घेऊन आला. हात बर्फ. डोळे उघडे, पण ओळख नाही. बीपी लागेना. हर्षालीनं सलाइनची सुई शिरेत घातली आणि लगेच बापाला फोन लावला.

"अप्पा, सारजाआजी. बीपी लागत नाहीये. पुड्या बंद केल्यापासून अंगच..."

"बंद? कुनी केल्या बंद?"

"मी."

पलीकडून बापाचा आवाज आला, पण तो ओळखू येईना. "हर्षा, टेबलाचा खालचा खण उघड. डेक्साचं इंजेक्शन हाय. शिरंतनं दे. आत्ताच्या आत्ता."

डेक्सा म्हणजे स्टेरॉइड. बरणीत तेच कुटलेलं होतं. वर्षानुवर्षं ते बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं विसरतं, आणि मग एकदम काढून घेतलं की माणूस उभ्यानं कोसळतो. कमी करायचं तर हळूहळू, महिनोन्महिने. हे हर्षालीला तोंडपाठ होतं. गोल भरलेलं तोंड, काडीसारखे हातपाय, दंडावर काळेनिळे डाग, हे चित्र तिनं परीक्षेत काढून मार्क घेतले होते. समोर बसलेल्या बाईत ते तिला दिसलं नाही. तिला फक्त न्हाऊ घालणारी आजी दिसली.

इंजेक्शन गेलं. गोरख बघत होता. "ताई, ही सुई आधी का न्हाई दिली?"

पिकअप आळेफाट्याच्या मोठ्या दवाखान्याकडं निघाली. घाट उतरता उतरता सारजाबाई गेली. सलाइनची बाटली हर्षालीनं तशीच वर धरलेली होती.

दहाव्याला कुंडलिक काळा चष्मा लावून आले. गोरखनं सगळ्या भावकीसमोर त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. "डॉक्टर, तुमी असता तर माजी आय गेली नसती."

हर्षाली दोन हातांच्या अंतरावर उभी होती. आता अप्पा बोलतील, तिला वाटलं. अप्पांनी गोरखच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "देवाची मर्जी." असले देव पठारावर पुष्कळ आहेत. काहींच्या नावाची पाटी दारावर असते.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "फोनवर खोटं का बोललात?"

"मग काय सांगू तुला? एवढं शिकवलं तुला, आन् तुज्या पुस्तकात ज्याला पाप म्हनत्यात ते मी रोज खलात कुटतोय, आसं सांगू?"

"मी नुसतं विचारलं होतं अप्पा. खरं सांगितलं असतं तर ती जिवंत असती."

"मी न्हाई दिली तर पलीकडच्या गावचा देतोय. माजी मानसं काठी टाकून चालत जात्यात. तुज्या व्यायामानं कोन चाललं?"

"आणखी कुणाकुणाला देता?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "कुनाला न्हाई ते इचार."

तक्रार करावी, असं तिच्या मनात आलं. दवाखान्याला कुलूप लागलं असतं. आणि त्याच दिवशी साऱ्या पठाराची पुडी एकदम बंद झाली असती. पुढचं ती एकदा पाहून बसली होती.

मग ती पुन्हा मोबाइल घेऊन बसली. स्टेरॉइड कमी कसं करत न्यावं, यावर माहिती भरपूर होती. सगळीकडं पहिलं वाक्य एकच, आधी रोजचा डोस नक्की करा.

"अप्पा, एका पुडीत किती?"

"अंदाजानं. चमच्यानं घालतो. म्हातारं लई कन्हत आसलं तर जरा चढवून."

चमच्यानं घातलेल्या औषधाचा अभ्यास कुठल्याच देशात कुणी केला नव्हता. ज्यांच्यावर अभ्यास होतात त्यांच्या औषधाला नाव असतं.

तरी तिनं अंदाज बांधला आणि चमचा कणभर हलका केला. लोकांना दोन पुड्यांत कळलं. पोरीच्या हातात गुण न्हाई, म्हणत निम्मे पलीकडच्या गावच्या डॉक्टरकडं गेले. तिथं चमचा भरून मिळत होता. आपण कमी केलेलं तिथं दुपटीनं भरून निघतंय, हे हर्षालीला रोज दिसत होतं.

एके सकाळी साळुबाई आली. बाकावर टेकली, पदरानं घाम पुसला. तिचंही तोंड गोल, भरलेलं.

"माजी पुडी कमी नगं करू बाई," ती हळू आवाजात म्हणाली. भांडायला आली नव्हती. घाबरली होती. "जावंची बंद केलीस, काय झालं बघितलंस ना?"

आतल्या टेबलावर बाप कागद कापत बसला होता. हर्षालीनं बरणी पुढं ओढली, झाकण काढलं आणि चमचा काठोकाठ भरला.