पिवळ्या बाटल्यांचा आळ

"आधी रंग बघायचा, मग माणसाकडे बघायचं," आमच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या सेरेआनाबाई नोकरी सोडताना सांगून गेल्या होत्या. आम्ही ते विसरलो.

मित्रांनो, मी सुवा शहरातल्या प्रयोगशाळेतली एक जुनी उबवणी पेटी आहे. अंडी नव्हे, जिवंत पेशींच्या बाटल्या मी पोटाशी धरते. त्यातले लाल पेय पेशी पीत राहतात, तसे ते पिवळे होत जाते. त्याला तीन दिवस लागतात. पण डेंगीचा विषाणू सोडलेल्या बाटल्या एका दिवसातच पिवळ्या पडल्या.

बाहेरच्या जंतूंची घाण शिरली, असेच मला वाटले. माझे दार रोज कोण उघडतो? इथला मदतनीस सेमी. मी त्याला डोळ्यात तेल घालून पाहू लागले. हात धुतले असतील का याने?

लितियाही त्याच्याकडे तिरकेच बघे. ती इथेच तपासण्या करणारी, त्याची मामेबहीण. अशा भावंडांनी एकमेकांची टर उडवायची, ही फिजीची रीतच.

"काय रे गबाळ्या, पेशींना काय पाजलंस?"

"तुझ्या हातचा चहा! म्हणून तर पिवळ्या पडल्या बिचाऱ्या."

ॲडलेडहून नवे आलेले डॉक्टर मागेच उभे होते. त्यांना ती कबुली वाटली. "उद्यापासून येऊ नका," ते म्हणाले. सेमीचे हसू विरले. ही थट्टा आहे, एवढे लितियाने सांगायचे होते. पण तिच्या मनातही किंतु होता. ती गप्प राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने बाटल्या उजेडात धरल्या. पिवळे पेय नितळ होते. घाणीने ते गढूळले असते. शेजारच्या, विषाणू नसलेल्या बाटल्या लालचुटूक!

"डॉक्टर, दोन्हीकडे हात सेमीचेच. पेटीही हीच."

तिने पेयातली साखर तपासली. आजारी बाटल्यांत ती जवळजवळ संपली होती. विषाणूने पेशींची चूलच बळकावली होती. स्वतःच्या नकला घडवायला तो त्यांना भराभर साखर जाळायला लावी, आणि त्या घाईत आम्ल साचून पेय पिवळे पडे.

डॉक्टर ओशाळले. "फोन करून बोलवा त्यांना."

"फोनवर नाही यायचा तो. गप्प मी बसले होते. मीच जाऊन त्याला घेऊन येते."

मित्रांनो, माझे दार हळू लावा, माझी काच पुसा. पण कुणावर आळ घेण्याआधी शेजारची बाटलीही बघा. मी पाहिली नव्हती.

क्षमा मागायला नेतात ती यांगोनाची मुळे लितियाने कागदात गुंडाळली आणि ती सेमीच्या गावच्या बसकडे निघाली.