पहिल्या दाराचं कुलूप

रावजी पाटकऱ्यानं चाक फिरवून कालव्याच्या फाट्यावरच्या पहिल्या दाराची लोखंडी फळी खाली बसवली, साखळीला कुलूप घातलं आणि दोनदा ओढून पाहिलं. फाट्याला पाणी यायला अजून तासभर होता. त्याची बायको छबूबाई मात्र पाण्याच्या आधी येऊन पोचली.

“अवो, डोकं फिरलंय का तुमचं? आपल्याच दाराला कुलूप?”

“आपल्याला आधी. मग दुसऱ्याचं लावताना हात कापत न्हाय.”

“माझा गहू चिकात आलाय. एक पाणी पायजे त्येला, एकच! अन् पाणी सोडणारा कोण, तर घरचा नवरा!”

“म्हणूनच,” रावजी म्हणाला.

छबूबाईनं कपाळावर हात मारला तो आवाज म्हणे तिसऱ्या दारापर्यंत गेला.

त्या फाट्याचं तोंड बारामतीच्या हद्दीत आणि शेपूट इंदापूरच्या. मधे चौदा दारं. दाराला एक दिवस, म्हणजे चौदा दिवसांची पाळी. नियम असा की पाणी शेवटच्या दारापासून द्यायचं आणि एकेक दार वर यायचं. रिवाज असा की तोंडापासून सुरू करायचं, खाली पोचेल ते पोचेल. नियम पाटबंधारे ऑफिसच्या भिंतीवर टांगलेला होता आणि रिवाज जोतीरामतात्यांच्या मिशीवर. तात्या दुसऱ्या दाराचे मालक. वीस एकर ऊस, दोन विहिरी, तरी पाटाचं पहिलं पाणी आपल्याच सरीत पडलं पाहिजे हा हट्ट. एकतीस वर्षं रावजीही मुकाट रिवाजानंच चालला होता, कारण पहिलं दार त्याचं स्वतःचं होतं.

रावजीबद्दल लोक काय काय सांगत. कालव्यात करंगळी बुडवून तो धरणात किती फूट पाणी उरलंय ते सांगतो. एकदा तर पाण्याला कान लावून त्यानं पन्नास मैलांवरच्या चौकीदाराची शिंक ऐकली. शिंकेचं खरंखोटं त्या चौकीदारालाच ठाऊक. त्या साली मात्र करंगळीची गरज नव्हती. पाऊस दगा देऊन गेला होता आणि माघात साहेबांची चिठ्ठी आली होती : ‘आवर्तन चौदा दिवस’. पुढं कंसात, ‘पाणी उपलब्धतेनुसार’. बत्तीस वर्षांच्या नोकरीत रावजीनं चिठ्ठीतला आकडा खरा झालेला फारसा पाहिला नव्हता. कंस मात्र एकदाही खोटा ठरला नव्हता.

चिठ्ठी आली त्याच दिवशी चौदाव्या दाराची दगडाबाई आठ मैल चालत आली. एकटी बाई, तीस गुंठे गहू.

“रावजीदादा, तीन साल झाली, माझी पाळी कागदावरच भिजती. औंदा तरी खाली भिजंल का?”

 पाळी सुरू झाली त्या सकाळी, वरची तेरा दारं बंद करत रावजी सायकलवरनं तिच्या बांधावर पोचला, चौदावं दार उघडलं आणि पहिल्या दाराची किल्ली तिच्या हातावर ठेवली.

“ही तुझ्यापाशी ठेव. माझ्यापाशी राह्यली तर माझाच भरवसा न्हाय.”

तिसऱ्या दिवशी जोतीरामतात्या चार माणसं आणि एक पहार घेऊन फाट्यावर आले.

“रावजी, पेन्शनीला किती म्हयने राह्यले?”

“चार.”

“ते गडचिरोलीला काढतो का?”

“पाऊस बक्कळ हाय म्हणत्यात तितं. पाठवा.”

“उघड दार!”

“तुमची पाळी तेराव्या दिशी हाय, तात्या. माझी चौदाव्या.”

तात्यांनी पहारवाल्याला खूण केली. तेवढ्यात छबूबाई गव्हातनं उठून आली, हातात विळा तसाच. पहिल्या दाराच्या कट्ट्यावर मांडी घालून बसली.

“पहार मारायचीय न्हवं? मग आधी आमच्या दारावर मारा. आमचं फुटलं की तुमचं फोडा.”

“वैनी, अवो तुमचाच गहू जळतोय की!”

“जळतोय. त्येच्यावरनं नवऱ्याशी तीन दिस भांडतीया. पर ते भांडान आमचं हाय. त्यात तुमची पहार कशाला?”

माणसं तात्यांकडं बघायला लागली, तात्या मिशीकडं. पाटकऱ्याचं दार पाटकऱ्याच्या बायकोला उठवून फोडायचं आणि मग ‘आमच्यावर अन्याय झाला’ म्हणून कुणाला सांगायचं? पुढं बावड्याच्या बाजारात लोक सांगायचे, छबूबाईनं विळ्यानं पहार कापली. कापली नाही. पण येताना सरळ आलेली पहार जाताना वाकून गेली, यावर सगळ्या फाट्याचं एकमत आहे.

नवव्या दिवशी दुपारी, सहाव्या दाराचं शेवटचं वावर भिजत असताना, फाट्यातलं पाणी उतरू लागलं. आधी वीत, मग हातभर. संध्याकाळपर्यंत तळाची शेवाळ उघडी पडली. उरलेलं पाणी पिण्यासाठी राखून ठेवल्याचं ऑफिसातनं कळलं. कंस पुन्हा खरा ठरला. वरची पाच दारं कोरडी राहिली. तात्यांनी विहिरीवरच्या मोटारी चालू केल्या. रावजीला विहीर नव्हती. छबूबाईचा गहू उभ्या उभ्या वाळला, दाणा जिऱ्याएवढा.

ती तो उपटत होती तेव्हा दगडाबाई आली. पदराच्या गाठीतनं तिनं किल्ली सोडली. ती छबूबाईपुढं धरली. छबूबाई किल्लीकडं बघतच नव्हती. दगडाबाईच्या पायांना घोट्यापर्यंत वाळलेला चिखल होता, तिकडं बघत होती.

“बस,” छबूबाई म्हणाली. “पानी पी.”

रावजीनं ती किल्ली घेऊन कुलूप काढलं आणि चाक फिरवलं. फळी करकरत वर आली. आतनं एक सरडा बाहेर पडला, त्यानं तिघांकडं मान हलवून पाहिलं आणि कोरड्या पाटातनं खाली निघून गेला.

“परत कधी सुटायचं पानी?” छबूबाईनं विचारलं.

“कुनाला ठावं.”

“मग चाक कशाला फिरवताय?”

“गंजाय नको.”

छबूबाई घरात गेली. कढईसाठी राखलेलं करडईचं तेल वाटीत घेऊन आली आणि चाकाच्या आट्यांवर स्वतःच्या हातानं सोडायला लागली, थेंब थेंब, वाटी रिकामी होईपर्यंत.