तिसरं दार

मेर्सिहाच्या संगणकात बाबो रोज जिवंत बाहेर यायचे.

जळालेल्या मशिदीचा नकाशा तिने त्यात जसाच्या तसा भरला होता. पुढचं दार, मागचं दार, मधला लांबट हॉल आणि त्यात ठिपके. एक ठिपका म्हणजे एक माणूस. आग लागली की कोण कुठे पळेल, कुठे दाटी होईल, कोण कुणाला अडेल, ते पडद्यावर दिसायचं. संकटात माणसं इमारतीबाहेर कशी काढायची, हाच तिचा धंदा. मेलबर्नमधल्या कितीतरी इमारतींचे जिने आणि दारं तिने अशीच तपासून दिली होती.

ती बटण दाबायची. पुढच्या दारात आग लागायची. ठिपके शहाण्यासारखे मागे वळायचे आणि एकामागून एक मागच्या दाराने निघून जायचे. बाबोंचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, ठिपका तिने निळा केला होता. तोही जायचा. ती पुन्हा बटण दाबायची.

खऱ्या शुक्रवारी असं झालं नव्हतं. एक हरामखोर भर दुपारी पुढच्या दारात पेट्रोलच्या पेटत्या बाटल्या फेकून गेला. मागचं दार नुसतं ढकललं की उघडत होतं, वर हिरवी पाटी लखलखत होती. तरी चार माणसं पुढच्याच दाराशी मेली. बाबो त्यांतलेच एक. चौकशी करणाऱ्यांनी लिहिलं, इमारत नियमाप्रमाणे होती. लिहून झाल्यावर त्यांना झोपही छान लागली असेल.

तेव्हापासून मेर्सिहाच्या घराच्या दाराबाहेर कुणीतरी खाली वाकून काहीतरी चाचपत असल्याचा आवाज यायचा. दार उघडलं की पायरी मोकळी.

"पोसम असेल, झाडावरून उतरलेला," नवरा म्हणायचा.

"पोसमला बाबोंसारखा खोकला येतो?"

खोकला त्यानेही ऐकला होता.

नवी मशीद होईपर्यंत शुक्रवारची नमाज फुटबॉल क्लबच्या हॉलमध्ये व्हायची. एकदा ऐन नमाजेत तिथल्या स्वयंपाकघरात कुणाचा तरी पाव करपला आणि धुराचा भोंगा कोकलला. शेजारचं दार सताड उघडं होतं, पलीकडे मैदानावरचं गवत दिसत होतं. अख्खी जमात मात्र उलटीकडे धावली, ज्या दाराने आत आली होती त्या दाराकडे. मेर्सिहाही. भोंगा बंद झाला तेव्हा ती बुटांच्या ढिगाशी गुडघ्यांवर बसलेली होती आणि तिच्या हातात दुसऱ्याच कुणाचा तरी डावा बूट होता.

पावसाळी थंडीत, चिखलात, नुसते मोजे घालून कोण बाहेर पडतं? युद्धात घर जाळून हाकललेल्या, अनवाणी डोंगर ओलांडलेल्या माणसांची ही जमात. दुसरं काहीही सोडतील, बूट सोडून पळणार नाहीत. हे नियम लिहिणाऱ्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. तिच्याही नाही, आणि ती तर या जमातीतच वाढलेली.

त्या संध्याकाळी तिने ठिपक्यांना बूट दिले. बटण दाबलं. निळा ठिपका मागच्या दाराच्या अगदी जवळ पोचला, थांबला आणि परत फिरला. बाबो जिथे सापडले होते तिथेच तो येऊन थांबला. त्यानंतर संगणकात बाबो कधीच वाचले नाहीत.

शनिवारी क्लबच्या हॉलमध्ये नव्या मशिदीची समिती बसली. आराखड्यावर मेर्सिहाची सही हवी होती. समिती म्हणजे खरं तर शेफिक अमिजा. आयुष्यभर वेल्डिंग केलेले, सगळ्या वस्तीचे काका. त्यांची बायको हासिया जुन्या मशिदीच्या त्याच दाराशी गेली होती.

"एकच दार," ते टेबलावर बोट आपटत म्हणाले. "पोलादी. बाहेर कॅमेरा, आत आपला माणूस. ओळखीचं तोंड दिसलं तरच उघडायचं. मागे एक संकटाचं दार, आतून ढकलायचं. नियमात बसतं का नाही?"

"बसतं."

"मग कर सही आणि चल जेवायला. पीता निवतेय."

"नाही करत सही."

"पोरी, बापाने तुला शिकवलं ते नाही म्हणायला?"

"अमिजा, मला तीन दारं हवीत. तिन्ही रोज वापरायची, तिन्हींशी बूट. रोज न वापरलेलं दार माणसाला आठवत नाही."

"तीन! वा! खुन्याला निवडायला बरं. आला की कॉफीचंही विचारू, साखर किती?"

बाकीचे हसले. मेर्सिहाने संगणक त्यांच्यापुढे फिरवला आणि जुनी मशीद चालवली. हसणं थांबलं. बाहेर पडलेले ठिपके पडद्यावरून नाहीसे होत गेले. चार उरले.

शेफिक अमिजा पुढे वाकले. "यातली हासिया कोण?"

तिने बोट ठेवलं. म्हाताऱ्याने आपलंही बोट त्या ठिपक्यावर टेकवलं. मग म्हणाले, "बाकीच्यांनी जरा बाहेर जा."

दोघंच उरल्यावर त्यांनी खुर्ची ओढली. "मला दाखवलंस ना? आता तूही बघ. नवी मशीद लाव. बाहेर एक माणूस उभा कर. बंदूक दे त्याला."

"अमिजा..."

"दे म्हणतो ना! माझी बायको दाखवताना मागेपुढे पाहिलं नाहीस."

तिने लाल ठिपका टाकला. आधी एका दाराची मशीद चालवली. लाल ठिपका दारात आला आणि आतले सगळे कोंडले गेले. मागचं दार कुणालाच आठवलं नाही. जवळजवळ सगळे पडद्यावरच उरले.

"आता तुझी. तिसऱ्या दारातून आण त्याला. रस्त्याकडच्या."

तिने बटण दाबलं. ठिपके दोन दारांनी भराभर ओसरले. तिसऱ्या दाराजवळचे मात्र जागेवरच राहिले. भिंतीलगत म्हाताऱ्यांच्या खुर्च्यांची जागा होती तिथले.

"कोण हे?" अमिजांनी विचारलं.

"माहीत नाही. यांना अजून नावं नाहीत."

"आहेत. बाहेर जेवतायत." त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसते वाहू दिले. "पोलादाचं एक दार करून मी सुखाने झोपलो असतो बघ. मूर्खासारखा. थोडेच मरतील म्हणून तू सही करतेस. कर. मीही करतो. पण पुन्हा मला म्हणू नकोस की इमारत माणसं वाचवते."

"नाही म्हणणार."

दोघांनी सह्या केल्या. अमिजा संगणकासमोरून उठले नाहीत. तीच एकटी बाहेर आली.

मैदानाच्या कडेला टेबलं मांडली होती, पोरं काकाकुव्यांना पावाचे तुकडे फेकत होती. बायका ताटल्या भरत होत्या. मेर्सिहाला माणसं दिसेनात. कोण हळू चालतं, कोण काठी टेकतं, कोण भिंतीला धरून बसतं, एवढंच दिसत होतं. बाबो कुठेच नव्हते. पहिल्यांदाच तिला त्यांची आठवण आली नाही, आणि त्याचीच भीती वाटली.

फादिला तेत्काने तिच्या हातात सारण भरलेली गरम पीता कोंबली. लहानपणी तिला न्हाऊ घातलेली ही मावशी.

"खा गं, काडी झालीस. तीन दारं होणार म्हणे? बरं केलंस. या गुडघ्यांना लांब चालवत नाही. रस्त्याकडच्या दाराला लागूनच माझी खुर्ची ठेव हं. ठेवशील ना?"

मेर्सिहाने घास गिळला.

"ठेवते, तेत्का."