न वितळलेला तुकडा

मी तृप्तीच्या घरच्या ओट्यावरची ग्रॅनाइटची लादी बोलतेय. नाशिकच्या काळ्या दगडाशी माझं नातं नाही. तो लाव्हा थिजून झाला. मी कर्नाटकातल्या खाणीतून ट्रकने नाशकातल्या द्वारका चौकातल्या दुकानात आले.

माझा जन्म अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा. जमिनीखाली तीस-पस्तीस किलोमीटरवर खंडाच्या कवचाचा तळाचा थर होता. तेव्हाच म्हातारा, जागचा न हलणारा. खालून आच वाढली तसा त्याचा काही भाग वितळला. तो रस वर चढला, सावकाश निवला, तीच मी. त्या थराचा एक तुकडा मात्र वितळलाच नाही. तो माझ्या अंगात तसाच राहिला, तळहाताएवढा, काळा.

१९९७ साल. वास्तुशांतीला चार दिवस होते. तृप्तीच्या आत्याला, चतुराबाईंना, तो काळा तुकडा दिसला.

"कारभारी, नव्या ओट्यावर हा डाग? आलेली बाई आधी तेच बघेल!"

तृप्तीचे वडील कारभारी मोठ्या बहिणीपुढे बोलत नसत. त्यांनी भिका मिस्त्रीला सांगितलं, "सिंकचं भोक तिथंच पाड."

भिकाने खडूने चौकोन आखला. कटर सुरू झाला. पांढरी धूळ उडाली, पातं खडूच्या रेघेला टेकलं. तेवढ्यात कॉलेजातून आलेली तृप्ती धावली आणि तिने सरळ डागावर पंजा ठेवला.

"हात काढ!" कारभारी ओरडले.

"नाही काढणार, अप्पा!"

पातं तिच्या बोटांपासून दोन इंचांवर गरगरत होतं. भिकाने कसाबसा खटका बंद केला. त्याने कटर खाली ठेवला. "ताई, बोटं गेली असती ना! लय येडी हाय तू."

"भूगर्भशास्त्र शिकवलं, त्याचे हे प्रताप," चतुराबाई म्हणाल्या.

"आत्या, ज्यातून हा दगड झाला ना, त्याचाच हा उरलेला तुकडा आहे. तो वर आलाय म्हणून बघायला तरी मिळतोय. आणि तुला बायका काय म्हणतील याची पडलीय!"

कारभारींनी तिच्या धुळीने माखलेल्या, अजून डागावरच असलेल्या हाताकडे बघितलं.

"भिका, सिंक पलीकडं घे."

"अरे पण..."

"आक्का, सांगितलं ना."

आज दहा वर्षं झाली. तृप्ती हैदराबादेत दगडच तपासते. पाहुणे आले की चतुराबाई माझ्या डागावर पिठाचा डबा ठेवतात. त्यांची पाठ वळली की कारभारी येतात, डबा बाजूला सरकवतात आणि पाहुण्यांना हाक मारतात, "इकडं या, एक गंमत दाखवतो."

तुमच्या ओट्यावरही असा काळा तुकडा असेल, तर घासून काढण्याआधी एवढं तरी विचारा, तू कुठून आलास?